मार्कुस या रोमन नावाचा खरा अर्थ काय? आणि मराठीत लिहायचं कसं, मार्कुस की मार्कस?

तळटीप (धागाकर्ती)

रोमन इतिहासावरच्या, इंग्रजीतून भाषांतरित होणाऱ्या एका मराठी पुस्तकाच्या शेवटी नामसूची जोडायची आहे. प्रत्येक नावापुढे अर्थ आणि एक-दोन ओळींचा इतिहास हवा. बाकी नावं मार्गी लागली, मार्कुसवर घोडं अडलंय. बाळांच्या नावांच्या संकेतस्थळांवर तीन अर्थ सापडतात: ‘युद्धप्रिय’, ‘मार्च महिन्यात जन्मलेला’ आणि ‘हातोडा’. तिन्ही एकाच वेळी बरोबर असणं शक्य नाही.

माझे प्रश्न असे:

व्युत्पत्ती नेमकी काय? मार्क, मार्सेल, मार्टिन, मारियो ही सगळी एकाच मुळातली का? शिलालेखांत हे नाव एकाच अक्षरात लिहितात, ते वाचताना कुठे फसायला होतं? आणि मार्कुस लिहू की मार्कस? छपाईला जायच्या आधी संपूर्ण पुस्तकात एकच रूप ठेवायचं आहे.

---

व्युत्पत्तीवाला

आधी व्युत्पत्ती, कारण बाकीचं तिच्यावर उभं आहे.

मार्स या देवाच्या नावाचं मूळ अंग ‘मार्त्’ आहे. षष्ठीत ते उघड दिसतं: मार्तिस, म्हणजे मार्सचा. या अंगाला ‘को’ हा विशेषण करणारा प्रत्यय लागला. आपल्या धार्मिक, सैनिक या शब्दांतला शेवटचा ‘क’ आणि हा ‘को’ एकाच जुन्या घराण्यातले. मार्त् + कोस असं जुळल्यावर र आणि क यांच्यामध्ये अडकलेला त गळाला आणि मार्कुस उरलं. अर्थ एवढाच: मार्सचा, मार्सशी नातं असलेला. देवाचं नाव मुलाला देण्याचाच हा प्रकार.

‘युद्धप्रिय’ हा अर्थ मार्स म्हणजे फक्त युद्धदेव या समजातून आला आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या थोरल्या कातोने शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात एक प्रार्थना दिली आहे. शेताभोवती डुक्कर, मेंढा आणि बैल फिरवायचे, बळी द्यायचा आणि ‘पिता मार्स’ला विनवायचं: दिसणारे-न दिसणारे रोग दूर ठेव, नापिकी आणि अवकाळी टाळ, धान्य, द्राक्षवेली आणि झाडोरा वाढू दे, गुरं आणि गुराखी सुखरूप ठेव. हा शिवार राखणारा देव आहे. शत्रूला शिवेबाहेर ठेवणं हे त्याच राखणीचं दुसरं अंग. नामसूचीत ‘युद्धप्रिय’ लिहाल तर मार्सचा अर्धा भाग कापला जाईल.

‘हातोडा’ कुठून आला तेही सांगतो. लॅटिनमध्ये मार्कुलुस म्हणजे लहान हातोडा. दिसायला ते मार्कुसचं लाडकं रूप वाटतं, पण तो स्वतंत्र शब्द आहे. निव्वळ ध्वनिसाम्य. तो अर्थ खुशाल खोडा.

आता नातेवाईक. मार्टिन हा खरा भाऊ: मार्त् + इनुस, आणि इथे त टिकला. मार्केलुस हे मार्कुसचं लघुरूप. फ्रेंच मार्सेल त्याचंच. मार्कियुस हे कुळनाव मार्कुसवरून झालं, आणि आजचं मार्शा हे मुलींचं नाव त्या कुळनावाच्या स्त्रीलिंगी रूपातून आलं. मामेर्कुस हे चुलत भावंड. इटलीतल्या ऑस्कन भाषेत मार्सला मामेर्स म्हणत, त्यावरून ते झालं आणि एमिलियुस कुळात चाललं. मारियो मात्र या घरातला नाही. तो मारियुस या वेगळ्या कुळनावापासून आला. मरिया या हिब्रू वळणाच्या नावाशीही त्याचा मुळात संबंध नव्हता, लोकांनी पुढे जोडला.

परीक्षेत ‘मार्क’ मिळतात तो मार्क आणि जर्मनीचं जुनं नाणं मार्क, दोन्ही जर्मानिक शब्द. त्यांचाही संबंध नाही.

मराठी वाचकाच्या मनात मरुत् येणारच. मार्स आणि मरुत् एकच, असं एकोणिसाव्या शतकात मांडलं गेलं होतं. पण मार्सचं जुनं रूप मावोर्स आहे, आणि त्यातल्या ‘व’चा मरुत्‌शी मेळ बसत नाही. ते सूचीत घेऊ नका. मंगळवाराचा दुवा मात्र पक्का आहे: लॅटिन ‘मार्तिस दिएस’, फ्रेंच मार्दी, स्पॅनिश मार्तेस, आणि आपला मंगळवार. तोच ग्रह, तोच वार.

---

पुराणवाचक

‘मार्च महिन्यात जन्मलेला’ हे संकेतस्थळांनी घडवलेलं नाही, त्याला जुना आधार आहे. रोमन नावांवरचं एक छोटं लॅटिन टिपण वालेरियुस माक्सिमुसच्या ग्रंथाला जोडलेलं सापडतं. त्यात मार्कुस म्हणजे मार्चमधला, लुकियुस म्हणजे पहाटेच्या उजेडात जन्मलेला, मानियुस म्हणजे सकाळी जन्मलेला, अशी यादी आहे. मार्च हा महिनाही मार्सचाच आणि जुन्या रोमन वर्षाचा पहिला. म्हणूनच सप्टेंबरच्या पोटात आजही ‘सात’ आहे. त्यामुळे हा अर्थ पूर्ण टाकू नये असं मला वाटतं.

---

व्युत्पत्तीवाला

टिपणाचा उल्लेख बरोबर आहे. पण ते रोमन विद्वानांनी नावं चालू होऊन कैक शतकं झाल्यावर शोधलेलं स्पष्टीकरण आहे. प्रत्यक्ष जन्मतारखांशी ताडून पाहा. वक्ता मार्कुस तुलियुस किकेरो (इंग्रजी वळणाने सिसेरो): ३ जानेवारी, इ.स.पू. १०६. मार्कुस आंतोनियुस (इंग्रजीत मार्क अँटनी): १४ जानेवारी. सम्राट मार्कुस आउरेलियुस: २६ एप्रिल, इ.स. १२१. एकही मार्चमधला नाही.

सुरुवातीच्या काळात एखाद्या मार्चमधल्या बाळाला हे नाव दिलं गेलं असेल, हे मान्य. पण ज्या काळाबद्दल आपल्याकडे कागद-दगड आहेत, त्या काळात रोमन बाप नाव निवडताना महिना पाहत नव्हता. तो आपल्या बापाचं नाव पाहत होता.

---

शिलालेख

हाच मुद्दा पुढे नेतो, कारण ‘अर्थ काय’ या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

रोमन मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवत, मुलीचं आठव्या. आपल्या बारशासारखाच शुद्धीचा आणि नामकरणाचा दिवस. पण निवडायला नावं होती किती? प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात पुरुषांची नेहमीच्या वापरातली पहिली नावं जेमतेम अठराच्या आसपास उरली होती, आणि एकेका घराण्यात त्यातली तीन-चारच फिरत. आजोबांचं नाव नातवाला, बापाचं थोरल्याला. किकेरोचं पूर्ण नाव वाचलं की हे दिसतं: मार्कुस तुलियुस, मार्कुसचा मुलगा, मार्कुसचा नातू, कोर्नेलिया मतदारगटातला, किकेरो. त्याचा मुलगाही मार्कुस. चार पिढ्या, एकच नाव. आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव लावतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही रचना इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल. सूचीच्या प्रस्तावनेत जरूर सांगा. फरक इतकाच की रोमन माणूस कुळनाव आधी लावतो, मग बाप आणि आजोबा, मग मतदारगट आणि शेवटी शाखेचं नाव.

आता एका अक्षरात वाचण्याबद्दल. पहिली नावं इतकी मोजकी होती म्हणूनच एका अक्षरावर भागत असे. रोममधल्या पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवरची ओळ घ्या. अक्षरं अशी आहेत: एम, मग आग्रिप्पा, मग एल, एफ, मग कॉस, तेर्तिउम, फेकित. वाचायची अशी: मार्कुस आग्रिप्पा, लुकियुसचा मुलगा, तिसऱ्यांदा कॉन्सल (वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी), याने बांधलं. तिसरं कॉन्सलपद इ.स.पू. २७ चं. आज उभी असलेली इमारत सम्राट हाद्रियानुसच्या काळातली, इ.स. १२५ च्या सुमाराची, पण त्याने पट्टीवर मूळ बांधणाऱ्याचंच नाव ठेवलं. हाच मजकूर आग्रिप्पाच्या तांब्याच्या ‘आस’ नाण्यावर छोट्या रूपात आहे: डावीकडे पाहणारं डोकं, त्यावर जहाजांच्या सोंडांचा मुकुट, आणि कडेने एम आग्रिप्पा एल एफ कॉस, पुढे तीन उभ्या रेघा. पाठीमागे त्रिशूळ आणि डॉल्फिन घेतलेला नेप्च्यून. सूचीला एक चित्र जोडायचं तर हे नाणं जोडा, अक्षरं स्पष्ट असतात.

फसायच्या जागा तीन.

पहिली: ‘एम एफ’ वाचताना ‘मार्कुस फिलियुस’ म्हणायचं नाही. बापाचं नाव षष्ठीत असतं: मार्की फिलियुस, मार्कुसचा मुलगा. सुरुवातीचा एम प्रथमेतला, मधला एम षष्ठीतला. अक्षर तेच, विभक्ती वेगळी.

दुसरी: एल हे अक्षर. पुढे एफ असेल तर तो एल लुकियुस (‘लुकियुसचा मुलगा’). पण ‘एम एल’ अशी जोडी दिसली आणि पुढे एफ नसेल तर एल म्हणजे लिबेर्तुस, मुक्त केलेला गुलाम: ‘मार्कुसने मुक्त केलेला’. किकेरोचा लेखनिक तिरो इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त झाला आणि मार्कुस तुलियुस तिरो झाला. मालकाचं पहिलं नाव आणि कुळनाव घ्यायची ही रीत होती. म्हणजे दगडावर मार्कुस दिसला की तो त्या घराण्याच्या रक्ताचाच असेल असं नाही. ही चूक भाषांतरांत फार होते, आणि तिने मुक्त गुलाम थेट सरदाराचा मुलगा होऊन बसतो.

तिसरी, आणि छपाईत सर्वांत जास्त घडणारी: साधा एम म्हणजे मार्कुस, पण एमच्या खांद्यावर अपोस्ट्रॉफी असेल तर ते मानियुस. जुन्या लिपीत मानियुससाठी पाच काड्यांचा एम कोरत, पाचव्या काडीची आठवण म्हणून छापील पुस्तकांत ती खूण आली. टंकनात ती सहज गळते आणि मानियुस कुरियुस देन्तातुसचा ‘मार्कुस’ होतो. मूळ इंग्रजी पुस्तकातली प्रत्येक अशी नोंद डोळ्यांनी तपासा, शोधा-आणि-बदलावर सोडू नका.

---

तळटीप

खूप उपयोगी. मानियुसची चूक आमच्या मसुद्यात दोन ठिकाणी निघाली, दोन्ही दुरुस्त केल्या.

एक उपप्रश्न. आंतोनियुस कुळाला मार्कुस हे नाव ठेवायला बंदी झाली होती, असं एका प्रकरणात ओझरतं आलं आहे. नावावर बंदी? हे खरं आहे का, आणि सूचीत घेण्याइतकं महत्त्वाचं आहे का?

---

शिलालेख

खरं आहे, आणि सूचीत एकच गोष्ट घ्यायची असेल तर हीच घ्या.

मार्कुस आंतोनियुसच्या माणसांनी ७ डिसेंबर, इ.स.पू. ४३ रोजी किकेरोला मारलं. त्याचं डोकं आणि हात फोरममधल्या भाषणाच्या चौथऱ्यावर टांगले. तेरा वर्षांनी, १ ऑगस्ट, इ.स.पू. ३० ला आंतोनियुस अलेक्झांड्रियात मेला. त्या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांसाठी विजेत्या ओक्तावियानुसने (पुढचा सम्राट ऑगस्टस) आपल्याबरोबर कॉन्सल म्हणून नेमला तो किकेरोचा मुलगा, मार्कुस. विजयाची बातमी लोकांना वाचून दाखवण्याचं काम त्याच्याकडे आलं, आणि ती त्याने त्याच चौथऱ्यावर लावली, असं प्राचीन इतिहासकार आप्पियान लिहितो. चरित्रकार प्लुटार्क पुढचं सांगतो: याच कॉन्सलच्या कारकिर्दीत सिनेटने आंतोनियुसचे पुतळे पाडले, त्याचे मान काढून घेतले आणि ठराव केला की यापुढे कोणत्याही आंतोनियुसचं नाव मार्कुस असणार नाही.

नीट पाहा, ठराव करणाऱ्या सभेचा कॉन्सल स्वतः मार्कुस. नाव वाईट ठरलं नव्हतं. आंतोनियुस कुळनावाशी त्याची जोडी तोडली. या नावाचा अर्थ रोमन माणसाच्या लेखी देवापेक्षा घराण्यात होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. मार्सची भक्ती कोणीच बंद केली नाही, थांबवली ती आजोबा-नातवाची साखळी.

अधिकाऱ्यांच्या कोरीव याद्या, ज्यांना फास्ती म्हणतात, आज रोममध्ये कापितोल टेकडीवरच्या संग्रहालयात आहेत. त्यांतलं आंतोनियुसचं नाव खोडून मग पुन्हा कोरलेलं आहे. त्या ओळीची पातळी बाकीच्या दगडापेक्षा किंचित खोल आहे, कारण खोडायला दगड तासावा लागला.

ही पहिली वेळही नव्हती. मार्कुस मानलियुसने गॉल लोकांच्या हल्ल्यात कापितोल वाचवला, हंसांच्या कलकलाटाने जागा झालेला तोच. पुढे राजा होऊ पाहतो या आरोपावरून इ.स.पू. ३८४ मध्ये त्याला तार्पेया कड्यावरून ढकललं. त्यानंतर मानलियुस कुळाने स्वतःच ठरवलं की आपल्यात पुन्हा मार्कुस नको. इतिहासकार लिवियुसने हे नोंदवलं आहे. फरक टिपा: इथे बंदी कुळाची, आंतोनियुसच्या बाबतीत राज्याची. क्लाउदियुस कुळाने असंच लुकियुस टाकलं, कारण त्या नावाचे दोघे दोषी ठरले, एक दरोड्यात आणि एक खुनात.

इ.स. २० मधलं उदाहरण तर ब्राँझच्या पत्र्यावर आहे. ग्नायुस पिसो या रोमन सरदारावरच्या खटल्याचा सिनेटचा ठराव दक्षिण स्पेनमध्ये सापडला. त्यात थोरल्या मुलाबद्दल म्हटलंय की त्याने बापाचं पहिलं नाव बदललं तर ते योग्य होईल. त्याने बदललं. ग्नायुसचा लुकियुस झाला आणि इ.स. २७ मध्ये कॉन्सलही झाला. धाकट्या भावाचं नाव मार्कुस होतं. बापाबरोबर मोहिमेवर तोच होता, पण त्याच्या नावाला कोणी हात लावला नाही, कारण ते बापाचं नव्हतं.

---

पुराणवाचक

हे वाचून माझा मार्चचा आग्रह सोडतो. सूचीत ‘प्राचीन लोकव्युत्पत्ती’ म्हणून अर्धी ओळ पुरे.

उत्तरकाळाबद्दल थोडं घालतो. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सर्व मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिलं. त्याचं अधिकृत नाव मार्कुस आउरेलियुस सेवेरुस आंतोनिनुस. नागरिकत्व देणाऱ्याचं नाव लावायची रीत असल्याने आशिया मायनरपासून सगळीकडे मार्कुस आउरेलियुस नावाची माणसं एकदम वाढली. इजिप्तच्या पपायरसांत आउरेलियुस-आउरेलियांची रीघ लागते. सगळेच मार्कुस झाल्यावर त्या नावाने हाक मारून कोण ओ देणार? पहिलं नाव ओळख पटवायच्या कामातून गेलं आणि हळूहळू लिहिणंही थांबलं. मूळचा मार्कुस आउरेलियुसही जन्माने मार्कुस आन्नियुस वेरुस होता. इ.स. १३८ च्या दत्तकविधानात त्याचं बाकी नाव बदललं, मार्कुस तेवढं राहिलं.

आज हे नाव जगभर आहे ते सम्राटामुळे कमी आणि शुभवर्तमानकार मार्कमुळे जास्त. प्रेषितांच्या कृत्यांत ‘योहान, ज्याला मार्कही म्हणत’ असा तो येतो, म्हणजे ज्यू नावाच्या जोडीला रोमन नाव. त्याचे अवशेष इ.स. ८२८ मध्ये अलेक्झांड्रियाहून व्हेनिसला नेले आणि मार्को हे त्या शहराचं नावच होऊन बसलं. त्याचा सण २५ एप्रिल. मराठी बायबलात मार्क, पोर्तुगीजमध्ये मार्कोस, जर्मनमध्ये मार्कुस, फ्रेंचमध्ये नुसता मार्क.

---

व्युत्पत्तीवाला

लेखनाचा प्रश्न राहिला.

‘मा’ दीर्घच. याला दगडाचा पुरावा आहे: काही जुन्या लॅटिन लेखांत स्वर दुप्पट करून ‘माअर्कुस’ असं कोरलं आहे आणि ग्रीक लेखांतही दोन आल्फा दिसतात. मधलं अक्षर ‘क’. ‘स’ किंवा ‘च’ ही नंतरच्या भाषांची वळणं, आणि तीही इ-ए पुढे आल्यावरच, म्हणून मार्सेल पण मार्को. शेवट ऱ्हस्व ‘उ’चा: मार्कुस. ‘मार्कस’ हा इंग्रजी उच्चार आहे.

माझं मत स्पष्ट आहे. प्राचीन माणसांसाठी सगळीकडे मार्कुस, आधुनिक माणसांसाठी ज्याच्या-त्याच्या भाषेतलं रूप. पण एक अट: मार्कुस लिहाल तर सिसेरो चालणार नाही, किकेरोच लिहावं लागेल, आणि ज्युलियस नाही तर युलियुस. अर्धं लॅटिन, अर्धं इंग्रजी अशी खिचडी करू नका. वाचकाला सिसेरो ओळखीचा वाटतो ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणून सूचीत ‘सिसेरो: पाहा किकेरो’ अशी उलट नोंद द्या.

सामान्यरूप करताना ‘मार्कुसने, मार्कुसचा, मार्कुसला’ असंच ठेवा, ‘मार्कुसाने’ नको. नाहीतर सूचीतलं रूप आणि मजकुरातलं रूप वेगळं पडतं.

संवाद भाषांतरित करताना संबोधन तपासा. लॅटिनमध्ये ‘उस’ शेवटाची बहुतेक नावं हाक मारताना ‘ए’कारान्त होतात: ब्रूतुसचं ‘ब्रूते’, मार्कुसचं ‘मार्के’. मूळ उताऱ्यात मार्के दिसलं तर ते वेगळ्या माणसाचं नाव नाही. मराठीत सरळ ‘मार्कुस,’ लिहा. आणि इटलीतल्या व्हुल्चीच्या एत्रुस्कन (रोमच्या शेजारचे प्राचीन लोक) फ्रांस्वा थडग्यातल्या चित्राचा उल्लेख पुस्तकात असेल तर सांभाळा. तिथे तलवार घेतलेल्या योद्ध्याच्या शेजारी ‘मार्के कामित्लनास’ लिहिलेलं आहे. ते मार्के संबोधन नसून मार्कुसचं एत्रुस्कन रूप आहे, ते तसंच ठेवायचं.

---

तळटीप

मार्कुस, किकेरो, युलियुस असं ठरलं, उलट नोंदींसह. फ्रांस्वा थडगं चौथ्या प्रकरणात आहे, आणि मसुद्यात तिथे ‘मार्के’चं ‘मार्कुस’ करून ठेवलं होतं. आत्ताच परत फिरवलं.

सूचीतली नोंद अशी लिहिली आहे, काही खटकलं तर सांगा:

‘मार्कुस. मार्स या देवाच्या नावावरून, “मार्सचा”. लेखांत एम. मार्चमध्ये जन्मलेला, ही प्राचीन लोकव्युत्पत्ती. मानलियुस कुळाने (इ.स.पू. ३८४ नंतर) आणि सिनेटच्या ठरावाने आंतोनियुस कुळात (इ.स.पू. ३०) वर्ज्य. मानियुस वेगळं, पाहा.’

---

शिलालेख

‘लेखांत एम’च्या पुढे ‘बापाचं नाव म्हणून आल्यास षष्ठी, मार्की’ एवढं घाला. बाकी छापायला हरकत नाही.